फरशी मालकाची, सतरंजी बिऱ्हाडाची

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आमच्या गिरगावातल्या चाळीत मोजणीसाठी एक तरुण आला. हातात काडेपेटीएवढे यंत्र. ते भिंतीला टेकवायचे, समोरच्या भिंतीवर तांबडा ठिपका पडायचा आणि लांबी-रुंदी आपोआप उमटायची. साऱ्या चाळीच्या खोल्या तो सकाळपासून मोजीत होता. आमच्या दारात येऊन म्हणाला, "आजोबा, तुमचे चटईक्षेत्र घ्यायचे आहे. जरा ती सतरंजी उचलता का?"

मला हसू आले. त्या मुलाला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही आणि तो त्याचा दोष नव्हे. जिच्यावरून क्षेत्राला नाव पडले ती चटई आता कोणी अंथरीत नाही. जिथे खरीच सतरंजी अंथरलेली आहे तिथे ती मोजणीच्या आड येते, म्हणून उचलावी लागते. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला असे प्रसंग सुखाने झोपू देत नाहीत. त्या रात्री मी विचार करीत बसलो की भाड्याच्या घरात पायाखाली जे असते त्यात घरमालकाचे किती आणि भाडेकरूचे किती, याचा हिशेब आपल्याकडे कधी आणि कसा लागत गेला. हा लेख म्हणजे त्या रात्रीच्या विचाराचा विस्तार आहे.

आधी शब्दच पाहू. 'फरशी' म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दगड येतो. थंड, घट्ट, न हलणारा. पण ज्या अरबी-फारसी 'फर्श' शब्दावरून ती आली त्याचा मूळ अर्थ 'पसरलेले, अंथरलेले' असा आहे. इराणात आजही फर्श म्हणजे गालिचा. ते अंथरणारा नोकर तो फरास, आणि तंबू, कनाती, जाजमे, गालिचे जिथे ठेवीत ते खाते म्हणजे फरासखाना. पेशव्यांच्या पुण्यात असे खाते होते. त्याचे नाव आज बुधवार पेठेतल्या पोलीस ठाण्याला चिकटून राहिले आहे आणि तिथे तक्रार नोंदवायला जाणाऱ्या शंभरांतल्या नव्व्याण्णवांना हे नाव जाजमांवरून पडले याची कल्पनाही नसते. म्हणजे एकाच धातूची दोन लेकरे: फरास अंथरणारा राहिला आणि फरशी मात्र दगड होऊन बसली. गुंडाळून नेता येणाऱ्या वस्तूचे नाव, कधीच गुंडाळता न येणाऱ्या वस्तूने बळकावले.

फरासखान्याचे महत्त्व आज सहज उमगणार नाही. मराठ्यांची सत्ता वर्षाचे कित्येक महिने घोड्यावर असे. छावणी पडली की आधी जमीन तयार करावी लागे आणि ती तयार करणारा फरास. खडकाळ माळावर जाजम पडले, त्यावर गादी, लोड, तक्के आले की तिथे दरबार झाला. जाजम उचलले की पुन्हा माळ. जमीन परक्याची, पण बैठक आपली, हे नाते त्या छावणीत जितके स्पष्ट होते तितकेच ते पुढे भाड्याच्या खोलीत राहिले, असे मला वाटते. आपला 'बिऱ्हाड' हा शब्दही हेच सांगतो. बिऱ्हाड म्हणजे तात्पुरते राहण्याची जागा, आणि बिऱ्हाड म्हणजे त्या जागेतले सामानसुमान. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते ते या दुसऱ्या अर्थाने. भाडेकरूला आपण बिऱ्हाडकरू म्हणत आलो. जागेपेक्षा पाठीवरच्या ओझ्यावरून त्याची ओळख ठेवली.

गावाकडच्या घरात हा प्रश्नच नव्हता. तिथे जमीन चोपून केलेली असे आणि शेणाने सारवलेली. सारवण हे दगडासारखे एकदा घालून विसरण्याचे काम नव्हे. चार-आठ दिवसांनी पोतेरे हाती घेऊन गुडघ्यांवर बसावे लागे, आणि हे काम बाईचेच. आमची आजी रत्नागिरीकडची. मुंबईत आल्यावर तिला सर्वांत चुकचुकल्यासारखे काय वाटले असेल तर ते सारवणे. "दगडाला हात लावला तर तो हात परत करतो, भुई हात धरते," असे काहीसे ती म्हणायची. मला त्या वयात ते निव्वळ म्हातारीचे बोलणे वाटे. आता त्यात एक गोष्ट दिसते. सारवलेली जमीन मोडली तर तिची दुरुस्ती घरच्या माणसाच्या हातात असते. तिला गवंडी लागत नाही आणि मालकाची परवानगीही लागत नाही.

मग शहरांत ही भुई गेली कशी? तिचे एक कारण स्पष्ट आहे आणि ते भयंकर आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला आणि ती प्लेग आहे असे सांगितले. पुढची कथा सर्वश्रुत आहे. घरे चुन्याने फासली, जमिनी जंतुनाशकांनी भिजवल्या, अंथरुणे-पांघरुणे जाळली. रोग कशाने पसरतो हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत उंदीर आणि पिसवा यांच्याकडे बोट दाखवले, पण ते पुष्कळांना पटले नाही. १९०५ नंतर प्लेग आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत प्रयोग केले तेव्हा कुठे संशय फिटला. पण कारण कळण्यापूर्वीच अधिकाऱ्यांचा राग दोन गोष्टींवर बसला होता. एक, ओल धरणारी मातीची जमीन. दुसरी, त्या जमिनीवरची चिंध्या-गोधड्यांची अंथरुणे. निदान अर्धवट होते. तरी उंदीर मातीतच बिळे करतो, म्हणून त्या रागात थोडे तथ्यही होते. १८९८ साली 'बाँबे इंप्रुव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला, दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते व चाळी बांधू लागला आणि धुता येईल, पाणी पिणार नाही अशी कठीण जमीन हे आरोग्याचे लक्षण ठरले.

त्या काळात जाळलेल्या अंथरुणांचा हिशेब कोणी ठेवला असेल असे वाटत नाही. गिरणीत काम करणाऱ्या कोकणी किंवा साताऱ्याकडच्या माणसाचे मुंबईत स्वतःचे असे काय होते? एका खोलीत दहा-दहा, बारा-बारा जण पाळ्यांनी राहत. दिवसपाळीचा उठला की त्याच्या जागी रातपाळीचा पडे. जमीन सर्वांच्या वाटणीची आणि मालकाची. ज्याची त्याची होती ती वळकटी. एक चटई, एक घोंगडी, उशाला गाठोडे. तीच पसरली की तेवढे साडेपाच फूट घर. ती वळकटी आरोग्यखात्याने उकिरड्यावर जाळली तेव्हा त्या माणसाचे घरच जळाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

दुसरे कारण रेल्वे. मुंबईत आज जुन्या माणसाला 'साधी फरशी' म्हटले की शहाबादीच आठवते, पण शहाबाद हे मुंबईजवळ नाही. ते निजामाच्या राज्यात होते, आज कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण किल्ल्याला उत्तम, पण त्याचे पातळ, सपाट पत्रे निघत नाहीत. तासता तासता पाथरवटाचा जीव जातो. भीमेच्या खोऱ्यातला करडा चुनखडक वेगळा. तो थरांनी साचलेला असल्यामुळे पहार लावली की पापुद्र्यासारखा सुटतो, इंच-दीड इंच जाडीचा, जवळजवळ तयार. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली आणि १८७१ साली तोच मार्ग रायचुरापर्यंत पोचला. शहाबाद या मार्गावरच आहे. जो दगड बैलगाडीने आणणे वेड्याचे काम ठरले असते तो आता वाघिणीत भरून मुंबईच्या दारात येऊ लागला. स्वस्त, टणक, धुता येणारा. चाळ बांधणाऱ्या मालकाला आणखी काय हवे होते!

पण इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढच्या भांडणांचे मूळ तिच्यात आहे. जुन्या चाळींचे वरचे मजले लाकडी तुळयांवर उभे. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर चुन्याचा कोबा आणि त्यावर फरशी. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दगड यांतले काहीच करीत नाही. म्हणून वीस-पंचवीस वर्षांत सांधे सुटतात, एखादी फरशी डुगडुगू लागते, मोरीचे पाणी खाली झिरपते आणि खालच्या बिऱ्हाडाच्या देवघरावर ठिबकते. चाळीतली निम्मी भांडणे, मी सांगतो, या झिरपण्यातून निघालेली आहेत. उरलेली निम्मी नळाची.

श्रीमंतांच्या घरी आणि सार्वजनिक इमारतींत याच सुमारास विलायती मिंटन फरश्या येत होत्या. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेल्यास पायांखाली त्या अजून दिसतात. त्यांची नक्षी पाहून मध्यमवर्गाच्या तोंडाला पाणी सुटे, पण भाव परवडेना. १९२२ साली सिधवा या पारशी चुलत्या-पुतण्यांनी 'भारत टाइल्स' हा कारखाना काढला. स्वदेशीचे वारे होते आणि विलायती फरशीला तोडीस तोड देशी फरशी करून दाखवण्याची ईर्षा होती. पुढे त्यांचा कारखाना उरणला होता. या फरशीची मौज अशी की ती भट्टीत भाजीत नाहीत. पितळी साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंटचे मिश्रण ओततात, साचा उचलून पाठीमागे कोरडे सिमेंट-वाळू भरतात, दाबयंत्राखाली दाबतात आणि मग दिवसेंदिवस पाण्यात मुरू देतात. नक्षी वरवरची नसल्यामुळे पन्नास वर्षांच्या पायरवानेही ती पुसत नाही. जमिनीवर गालिच्याचा भास आणणारी ही फरशी. किनार, कोपरे, मधले फूल, सगळी रचना गालिच्याचीच. दगडाने शब्द घेतला होता. आता सिमेंटने नक्षीही घेतली!

सरकारी चाळींत हे लाड नव्हते. १९२० साली गव्हर्नर लॉइडच्या काळात 'बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी उठवल्या. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला त्या इतक्या रुक्ष वाटल्या की पुष्कळ रिकाम्याच पडल्या, आणि १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. ज्या खोलीत कामगार राहायला तयार नव्हता तिच्यात सत्याग्रही कोंडले.

आता आमच्या खोलीकडे वळतो. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, ती १९३८ साली महिना बारा रुपये भाड्याने घेतली. दहा बाय चौदा, तिसरा मजला, शहाबादी फरशी. पुढे युद्ध आले, माणसांचे लोंढे आले, पगडीचा जमाना आला. सरकारने भाडी आवरण्यासाठी एकामागून एक कायदे केले आणि शेवटी १९४७ चा ५७ वा कायदा केला, तो १९४८ च्या फेब्रुवारीत लागू झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाणभूत भाडे ठरले. आमचे बारा रुपये असे काळाच्या ओघात एखाद्या खांबासारखे उभे राहिले.

या कायद्याने लाखो कुटुंबांना डोक्यावर छप्पर ठेवले यात शंका नाही, आमचे त्यांतलेच. पण पायाखाली काय, याचे उत्तर त्याच्याजवळ फारसे बरे नव्हते. जागा राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे कर्तव्य, असे त्यात लिहिले होते. नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा, हेही होते. मात्र वर्षाला कापायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-षष्ठांशाहून अधिक नको. आमचे वर्षाचे भाडे १४४ रुपये. षष्ठांश म्हणजे चोवीस. मोरीजवळच्या तीन-चार फुटलेल्या फरश्या काढून खालचा कोबा नीट करायला गवंड्याने ऐंशी रुपये सांगितले होते. म्हणजे आज खर्च केलेले पैसे चार वर्षांत फिटायचे, तेही मालकाने वाद न घातला तर. दादा एका कचेरीत कारकून होते. ऐंशी रुपये एकरकमी काढणे त्यांना जड होते, आणि त्याहून जड होते ते 'मालकाचे काम मी का करू' हे मनातले शल्य. मालकाचा मेहताजी दर महिन्याला पावतीबुक घेऊन येई. दादा त्याला फरशी दाखवीत. तो मान हलवून, "बोलतो शेठना," असे म्हणे. तीन वर्षे तो बोलत होता.

मालकाची बाजूही आज मला दिसते. चाळीस खोल्या, बारा-चौदा रुपयांप्रमाणे भाडे, वर नगरपालिकेची पट्टी. आणि सिमेंट, दगड, गवंडी यांचे भाव मात्र १९४० मध्ये थांबले नव्हते. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की ही गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत, आणि नंतर १९९९ चा नवा कायदा आला. पण १९५६ साली हे शहाणपण कोणाला सुचणार? आम्हाला मालक दुष्ट वाटे आणि मालकाला आम्ही फुकटे.

त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला मंडळी यायची होती. फुटकी जमीन पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये म्हणून दादांनी एक मोठी सतरंजी आणली. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, जाड सुताची. ती येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेली आहे असे ते सांगत. तिथे त्या काळी गालिचे, सतरंज्या होत हे खरेच. शतरंजाच्या पटाशी या शब्दाचे नाते सांगतात. आमच्या सतरंजीवर मात्र चौकटी नव्हत्या, नुसते पट्टे होते. एरवी सतरंजी ही पाहुण्यांपुरती. पाहुणे गेले की झटकून, घडी घालून माळ्यावर, आणि दिवाळीआधी गच्चीवर नेऊन काठीने बडवायची. पण ही अंथरली ती तशीच राहिली. आई म्हणाली, बरे दिसते. पायालाही बरे लागे. तीन वर्षांचे मेहताजीशी बोलणेही हळूहळू बंद पडले, कारण आता दिसत काहीच नव्हते.

१९५७ च्या पावसाळ्यात, पहाटे, आजी मोरीकडे जायला उठली. फुटलेल्या फरशीचा एक कोपरा खचून तिथे वीतभर खळगा झाला होता, तो सतरंजीखाली झाकलेला. पाय आत गेला, सतरंजीची कड अंगठ्यात अडकली आणि ती आडवी पडली. खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ती दोन वर्षे अंथरुणावर होती आणि त्याच अंथरुणावर गेली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. दादा त्या प्रसंगाबद्दल कधी बोलले नाहीत. एकदाच, फार वर्षांनी, त्यांनी मला विचारले, "ती सतरंजी आणली नसती, तर तिला खळगा दिसला असता, नाही?" मी इतिहासाचा शिक्षक होतो. कारणांची साखळी मला फळ्यावर लिहिता येत होती. पण मी काही बोललो नाही.

१९५८ साली दादांनी कर्ज काढून सगळी शहाबादी उखडली, कोबा नवा केला आणि नक्षीच्या रंगीत फरश्या बसवल्या. तांबडी किनार, मध्ये राखाडी-पांढरे फूल. पंधरा दिवसांत मालकाच्या वकिलाची नोटीस आली. लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायम स्वरूपाचे बांधकाम केले तर मालकाला जागा परत मागता येते, असे कलम कायद्यात होते आणि फरशी हे तसेच बांधकाम, असा त्यांचा दावा. जी दुरुस्ती मालकाने करायची तीच भाडेकरूने केली म्हणून त्याने घर गमवायचे! चाळीतल्या एका जाणत्या वकिलाने मध्यस्थी केली. दादांनी एक कागद लिहून दिला: 'सदर फरश्या मी माझ्या खर्चाने बसविल्या असून त्या मालकांच्या मालकीच्या आहेत. त्यांबद्दल मी कोणतीही भरपाई मागणार नाही व जागा सोडताना त्या काढून नेणार नाही.' नोटीस मागे घेतली गेली. त्या कागदाची प्रत माझ्याजवळ आहे. पुढे १९९९ च्या कायद्याने कायम बांधकाम कशाला म्हणायचे नाही याची यादीच दिली: लाकडी आडभिंत, स्वयंपाकाचा ओटा, दार, हवेसाठी खिडकी, आच्छादी छत, वातानुकूलन यंत्र, धुराडे. मी ती यादी दोनदा वाचली. फरशीचे नाव तिच्यात नाही.

सर्वच देशांत हा हिशेब असाच मांडलेला नाही. माझा एक भाचा अमेरिकेत न्यू जर्सीत भाड्याच्या घरात राहत असे. तिथे उलट प्रकार. गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेला, तो मालकाचा. जॉर्जियातल्या डाल्टन गावच्या परिसरात गेल्या शतकाच्या आरंभी बायका घरी पलंगपोस टाचीत. त्या टाचण्याची यंत्रे निघाली, दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच यंत्रांवर रुंद गालिचे निघू लागले आणि भाड्याच्या घरांतूनही ते पसरले. म्हणजे तिथे गालिचाच फरशी झाला. घर सोडताना मालकाने भाच्याच्या अनामतीतून मोठी रक्कम कापली. कारण हळदीचा डाग. त्याच्या बायकोने फोडणीचे भांडे हातातून सांडले होते. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, साधी फरशी असती तर पुसून टाकली असती." मी त्याला आमच्या खळग्याची गोष्ट सांगितली नाही.

आणि आता चटईक्षेत्र. घरबांधणीच्या व्यवहारात इंग्रजीत ज्याला 'कार्पेट एरिया' म्हणतात, म्हणजे गालिचा अंथरता येईल इतकी जागा, त्याचे मराठीकरण करणाऱ्या कोणा सज्जनाने गालिच्याऐवजी चटई घातली. आपल्या ऐपतीला ते शोभूनही दिसले. पण पुढे 'फ्लोअर स्पेस इंडेक्स' यालाही 'चटईक्षेत्र निर्देशांक' म्हणू लागले. मूळ शब्दात तिथे ना गालिचा, ना चटई; नुसती जमीन. भाषांतरकाराने उघड्या जमिनीवर स्वतःच्या पदरची चटई टाकली. २०१६ च्या स्थावर मालमत्ता कायद्याने या क्षेत्राची व्याख्या बांधून दिली: बाहेरच्या भिंती वगळायच्या, सज्जा वगळायचा, मात्र घरातल्या आडभिंतींची जाडी धरायची. भिंतीच्या पोटात चटई कशी अंथरायची हे कायद्याने सांगितलेले नाही.

तरी या शब्दात आज लोकांचा जीव गुंतलेला आहे. वरळीच्या त्या चाळींतल्या १६० फुटांच्या बिऱ्हाडाला नव्या मनोऱ्यात ५०० चौरस फूट चटईक्षेत्राचे, मालकीचे घर द्यायचे ठरले आणि २०२५ साली पहिल्या कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. तीन-चार पिढ्या भाड्याच्या जमिनीवर झोपलेल्या घरांत पहिल्यांदा पायाखालची फरशी स्वतःची झाली. ज्यांनी त्या खोल्यांत जन्म काढला त्यांच्या आनंदाला नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही, मला तर नाहीच.

आमच्याही करारात तीनशे चौरस फूट आहेत. मोजणीदाराने सांगितले म्हणून मी सतरंजी उचलली. त्याने पाहिले आणि यंत्र खिशात ठेवून तो खाली वाकला. "आजोबा, या फरश्या जपून काढून घ्या हं. जुन्या नक्षीला हल्ली चांगली किंमत आहे." हौशी लोक अशा फरश्या पाडकामातून विकत घेतात, हे मलाही ठाऊक होते. मी त्याला दादांच्या कागदाबद्दल सांगितले. त्याला ते काही उमगले नाही. त्याने १३९ चौरस फूट आणि वर काही अंश असा आकडा लिहून घेतला आणि तो शेजारी गेला.

निघायच्या आधी मी मुकादमाला एकच फरशी मागितली, मोरीजवळची. त्याने पहार लावून पाहिली. दादांनी काम पक्के करून घेतले होते. फरशी सुटेना, सुटली ती तीन तुकड्यांत.

इमारत उभी राहीपर्यंत विकासकाने दिलेल्या भाड्यावर आम्ही दोघे डोंबिवलीत राहतो आहोत. ब्याऐंशीव्या वर्षी पुन्हा बिऱ्हाडकरू. करार अकरा महिन्यांचा. फरशीला तडा गेल्यास अनामतीतून वसुली, असे एक कलम त्यात आहे. फरशी पांढरी, चकचकीत, दोन फुटी. तिच्यावर दिव्याचे प्रतिबिंब दिसते. दिवाळीत रांगोळी काढायला पत्नीने आधी गेरूचा हात फिरवला आणि मग घाबरून लगेच पुसून टाकला, डाग राहील म्हणून. शेवटी रांगोळी कागदावर काढली.

येरवड्याची सतरंजी आणली आहे. बाहेरच्या खोलीत ती भिंतीपर्यंत पोचत नाही. चारी बाजूंनी हात-हात पांढरे उरते. पत्नी म्हणते, कडा दुमडून शिवून टाकू, पायात यायच्या नाहीत. सुई-दोरा काढून ठेवला आहे.